तीन बाटल्या आणि कापसाचे बोळे

नाशिककडची माझी मैत्रीण घरच्या थोड्याशा द्राक्षांची लाल वाइन करायची. तिनं द्राक्षांच्या तीन जातींची एकेक बाटली दिली आणि म्हणाली, "घरी चाखा, आवडेल ती सांग. पुढं त्याच जातीची लागवड वाढवीन." मी त्या नेरला माहेरी नेल्या. भाव पडल्यामुळे कापूस विकला नव्हता. बैठकीत छतापर्यंत ढीग होता. त्यालाच टेकून मी आणि बाबा चाखायला बसलो. बाबांनी ढिगातून कापूस ओढला, त्याचे बोळे तिन्ही पेल्यांत बुडवून रंग पाहिला आणि मगच घोट घेतले. त्यांनी निवडलेल्या जातीचं नाव मीही कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे कोणाले माहीत आहे? नावाजलेली निवडा ना," मी वैतागून म्हटलं.

"नावाजलेलंच बियाणं पेरलं ना साऱ्या गावानं!" बाबा उसळले. "साऱ्यांचा एकदमच निघाला अन् भाव पडला. आता त्यालेच टेकून बसलो आपण."