बसूनच बरं वाटतं

विवेकचा फोन आला तेव्हा मी लॅपटॉपवर गुरुग्राममधल्याच एका आईशी तिच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या झोपेबद्दल बोलत होते. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला, तर तो एवढंच म्हणाला, "मनू, आई गेली. सकाळी चहा घेऊन गेलो तर..." समोरच्या बाईंना मी काय सांगून कॉल बंद केला, आजही आठवत नाही.

कमलमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात तिची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर सरोजिनी नगरला मुलाच्या, विवेकच्या, क्वार्टरमध्ये राहायची. माझी ईरा पहिलं दीड वर्ष सलग झोपलीच नाही, तेव्हा दर गुरुवारी दुपारी मेट्रो बदलत मावशी गुरुग्रामला आमच्याकडे यायची. चपला काढता काढताच म्हणायची, "आण तिला इकडे. तू झोप." सल्ला नाही, उपदेश नाही. त्या गुरुवारांवर मी तगले.

त्या थकव्यातच माझी ऑफिसची नोकरी सुटली. ईरा झोपायला लागल्यावर मी लहान मुलांच्या झोपेची सल्लागार व्हायचं ठरवलं, तेव्हा घरातले हसले. मावशी हसली नाही. "हे शिकवतात कुठे?" तिने विचारलं. मी तीन कोर्स निवडून ठेवले होते. पहिला परदेशातला, झटपट, सुंदर सर्टिफिकेट देणारा. दुसरा मुंबईतल्या एका बाईंचा, त्यांच्याच पद्धतीचा. तिसरा वर्षभराचा, खऱ्या कुटुंबांबरोबर देखरेखीखाली काम करायला लावणारा. तो मला परवडेल की नाही, यापेक्षा झेपेल की नाही, याचीच धास्ती होती. तिन्ही ठिकाणच्या माहितीच्या कॉलला मावशी माझ्या शेजारी बसली आणि तिन्ही ठिकाणी तिने एकच प्रश्न विचारला, "बाळ आजारी आहे म्हणून झोपत नसेल, तर आमच्या मुलीला ते कळणार कसं?"

पहिल्यांनी माहितीपत्रक पाठवतो म्हटलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या पद्धतीने सगळीच बाळं झोपतात. तिसरीकडच्या बाई म्हणाल्या, "ओळखायला आम्ही शिकवत नाही, ते डॉक्टरांचं काम. थांबायचं कुठे आणि डॉक्टरांकडे पाठवायचं कधी, ते शिकवतो."

"हाच घे," मावशी कॉल संपायच्या आतच म्हणाली.

"वर्षभर, मावशी? मी आधीच किती दमलेय..."

"दमलेली आहेस म्हणूनच. घाईत शिकलेल्या माणसाच्या हाती कुणी आपलं मूल द्यावं?"

घेतला. देखरेखीखालच्या माझ्या दुसऱ्याच कुटुंबातली चिमुरडी झोपेत घोरायची, मध्येच श्वास अडकून दचकायची. आईला वेळापत्रक हवं होतं. मी वेळापत्रक दिलं नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मुलीचं छोटं ऑपरेशन झालं आणि ती झोपायला लागली. मावशीला फोन केला तर म्हणाली, "अच्छा! म्हणजे वर्ष वाया नाही गेलं."

पण त्याच वर्षातलं एक मला आता सोडत नाही. तेव्हाही ती गुरुवारी यायची, आणि जेवण झाल्यावर मी म्हणायचे, "मावशी, आडवी हो ना जरा." ती सोफ्यावर उशा पाठीशी लावून बसायची. "नको गं, बसूनच बरं वाटतं." किती वेळा ऐकलं मी ते... आणि ऐकून शेजारीच माझ्या वहीत दुसऱ्यांच्या मुलांच्या श्वासाच्या नोंदी लिहीत बसले. तेराव्याला विवेक म्हणाला, "कितीतरी महिने खुर्चीतच झोपायची. मला म्हणायची, टीव्ही बघता बघता डोळा लागतो." त्या सकाळी तिला तपासलेले डॉक्टर हृदयाबद्दल बोलले होते. आडवं झालं की दम लागत असणार, म्हणाले. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला ते कळलं नसेल? कळलंच असणार. ती बोलली नाही, आणि आम्ही दोघांनी विचारलं नाही. मी विवेकला दोष देऊ शकत नाही. तो काही हे शिकत नव्हता. मी शिकत होते.

दोन आठवडे मी काम घेतलं नाही. मग त्या आठ महिन्यांच्या बाळाच्या आईचा मेसेज आला, कधी बोलू या? पहिल्या भेटीआधी मी पालकांकडून एक फॉर्म भरून घेते. बाळ कुठे झोपतं, कधी उठतं, काय खातं... तो उघडला आणि शेवटी एक ओळ वाढवली. सगळे विचारतात, बाळाच्या झोपेशी याचा काय संबंध? मी म्हणते, तरीही लिहा.

"घरात आणखी कोणाला झोप लागत नाही?"