एम्बसी अक्का

एम्बसी अक्कांकडे कुणी पहिल्यांदा गेलं की त्या त्याला खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि मग शांतपणे विचारायच्या, "खोटं काय काय बोलायचं ठरवून आलाव, ते आधी सांगा. म्हंजी तेवढं वगळून फॉर्म भरता येईल." माणूस ओशाळायचा. कारण बहुतेक वेळा तो खरोखरच काहीतरी ठरवून आलेला असायचा.

एम्बसी हे नाव गल्लीनं ठेवलेलं. अक्का नांदेडच्या महापालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करत निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा राहुल शिकून अमेरिकेत स्थायिक झाला. त्याच्या कागदांपायी अक्कांना परदेशच्या फॉर्मांची भाषा कळायला लागली आणि ती कळणारं नांदेडात दुसरं कुणी नाही, हे गल्लीला कळलं. बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली संगणक आणि बाहेर पायताणांचा ढीग. एरवी आडनाव विचारून मग पाणी प्यायचं की नाही ते ठरवणारी मंडळीही व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली की अक्कांच्या घरचा चहा बशीत ओतून प्यायची आणि वर म्हणायची, "अक्का, तुमच्या हाताला चव हाय." अक्का म्हणायच्या, "चव तारखेला हाय. तारीख होऊन गेल्यावर येऊन सांगा." सांगायला फारसं कुणी यायचं नाही.

या सगळ्याला लातूर जबाबदार आहे. लातूर पोरं घडवतं आणि नांदेड त्यांचे कागद. दोन वर्षं पोराला लातूरच्या खोलीत कोंडून घ्यायचं, मग पुणं, मग हैदराबादच्या विमानतळावर हार घालून फोटो. पुढं एके दिवशी पोराचा फोन येतो, "आई, तुझी फार आठवण येते, इकडंच ये." सुनेचे दिवस भरत आलेत, हे तो दुसऱ्या फोनमध्ये सांगतो.

अक्कांकडे येणारे प्रश्न ठरलेले असत. हदगावचे एक कापूसवाले गृहस्थ दर महिन्याला येऊन विचारत, "माझा पोरगा तिकडं सिटीझन होऊन राहिला. आता घरातली कोण कोण माणसं नेता येतील?" अक्का दर महिन्याला सांगत, "आई, बाप, बायको, लहान लेकरं, ही माणसं त्यांच्या सरकारला लगेच कळतात. भाऊ-बहीण बी कळतात, पण लई उशिरा. चुलता, मावसभाऊ कळतच न्हाईत."

"मावसभाऊ म्हंजी सख्ख्यासारखाच हाय की."

"सख्ख्यासारखा हाय तर त्याला बांधावरची बाभळ तोडू द्या आधी. मग अमेरिकेचं बघू."

माझी स्वतःची दरखास्त भाऊ-बहिणीच्या रांगेत होती. माझी थोरली बहीण तिकडची नागरिक, तिनं माझ्यासाठी अर्ज टाकलेला. मी कॉलेजात मराठी शिकवतो. अमेरिकेला मराठीच्या प्राध्यापकाची किती निकड आहे याची मला कल्पना होती, तरी मी चार-दोन वर्षांत निघणारच अशा थाटात स्टाफरूममध्ये बसत असे. घराला रंग द्यायचं लांबवत होतो. अक्कांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "अर्ज चांगला हाय. असू द्या. तुमचा नंबर लागस्तोवर तुमी रिटायर व्हताव. घराला रंग देऊन घ्या, सर." त्या मला सर म्हणायच्या, पण विद्यार्थी म्हणतात त्याहून जरा कमी आदरानं.

आईचं मात्र तसं नव्हतं. मुलगी नागरिक असली की आईला रांग नसते. फक्त आई ही आईच आहे, हे कागदावर सिद्ध करावं लागतं. आणि तिथंच आमचं अडलं. आईचं माहेरचं नाव गया. लग्नात माझ्या वडिलांनी तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सुमन. गेली पन्नासेक वर्षं ती सुमन होती. तिच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. आधार कार्डावरची तारीख एक जून, कारण त्या काळात गुरुजी शाळेत घालताना सगळ्यांची एक जूनच लिहीत. अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मलेला आहे. या लोकांच्या आयांनी एकाच दिवशी एवढी घाई कशी केली, हे एखाद्या गोऱ्या साहेबाला समजावून सांगणं काही सोपं नाही.

मी शिकलेला माणूस असल्यामुळं आधी अक्कांकडे न जाता एका चकचकीत ऑफिसात गेलो. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर पाच देशांच्या वेळा दाखवणारी पाच घड्याळं. त्यातली तीन बंद होती. तिथला कोटातला सल्लागार म्हणाला, "जन्माचा दाखला ना? होऊन जाईल सर." आणि आठ दिवसांत झालाही. सुमन नावाचा, पिवळट कागदाचा, कडा नीट झिजवलेला. तो हातात पडल्यावर मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, काय कारागिरी आहे.

अक्कांकडे मी गेलो ते केवळ फोटोचं माप विचारायला. त्यांनी दाखला खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"हे कोण जन्मलं?"

"आई."

"तुमच्या आईच्या जन्मानंतर महिन्याभरात दिलेला दाखला हाय ह्यो. शिक्का लोहा तालुक्याचा. तवा लोहा कंधार तालुक्यात व्हतं, सर. तालुका जन्मायच्या आधी त्याचा शिक्का जन्मला का?"

मी दाखला परत घ्यायला हात पुढं केला.

"हे तिथं दिलं अन् त्यांनी पकडलं, तर आज न्हाई उद्या असं न्हाई. आईला दार कायमचं बंद. खोटेपणा केला म्हणून एकदा नोंद झाली की ती पुसत न्हाईत. आन् फसवलं कुणी, तर ज्या बाईला त्यातलं काहीच ठाऊक न्हाई तिनं." त्यांनी दाखला माझ्यापुढं ठेवला. "फाडा. मी न्हाई फाडणार, कागद तुमचा हाय."

मी फाडला. मराठीच्या प्राध्यापकाच्या हातून त्या वर्षी झालेलं तेवढंच भरीव काम.

मग अक्कांनी सरळ रस्ता सांगितला. जन्माची नोंद सापडत नाही असा सरकारी दाखला घ्यायचा. दोन्ही नावं ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र करायचं. आणि शाळेत नाव असेल तर तो उतारा. उताऱ्यासाठी त्या स्वतः आमच्याबरोबर आईच्या माहेरी आल्या, लोह्याच्या पुढं, एसटीनं. मुख्याध्यापक आधी म्हणाले, जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली. अक्का म्हणाल्या, "वाळवीनं खाल्ली असं लिहून द्या, शिक्क्यासकट." मुख्याध्यापकांना लगेच कपाटाची किल्ली सापडली.

तिसऱ्या रजिस्टरात नाव निघालं. गया, वडिलांचं नाव, गाव, इयत्ता चौथी. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, 'लग्न'. मुख्याध्यापकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मग उगीचच चष्मा पुसायला लागले. आई त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती. त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शाळेच्या शिपायानं चहा आणला, तेव्हा अक्का तिच्याकडे कप सरकवत म्हणाल्या, "घ्या गयाबाई, गार होईल." आईनं कप घेतला आणि पदर डोळ्याला लावला.

आईला व्हिसा मिळाला. आमच्या घरातलं कुणी फसवाफसवी न करता विमानात बसलं, याचं श्रेय मी पुढं दोन-तीन समारंभांत स्वतः घेतलं.

आणि मग अक्कांच्या स्वतःच्याच घरात प्रश्न उभा राहिला. राहुल नागरिक झाला आणि त्यानं आईसाठी अर्ज केला. मुंबईला मुलाखतीत अधिकाऱ्यानं दुभाष्याकरवी विचारलं, "तुम्ही तिकडं कायमच्या राहणार ना?" अक्का म्हणाल्या, "तसंच ठरवून निघाले. जीव रमला न्हाई तर तुमालाच येऊन सांगीन." दुभाष्या घुटमळला. अक्का त्याला म्हणाल्या, "सगळं सांग, बाबा." अधिकारी हसला आणि शिक्का मारला. आम्ही घोटून घोटून उत्तरं पाठ केलेली माणसं नाकारली गेलेली पाहिली होती, त्यामुळं आम्हाला हे फार अन्यायाचं वाटलं.

अक्का गेल्या. नातू सांभाळला. मला अधूनमधून व्हिडिओवर दिसायच्या, मोठ्या खिडकीपाशी, स्वेटरात. म्हणायच्या, "लई स्वच्छ हाय, सर. माणसंसुद्धा झाडून काढलीत रस्त्यावरची." पण नातवाचं नाव निघालं की आवाज बदलायचा. तो त्यांना अक्काच म्हणायचा आणि 'हो'ला 'हाव' म्हणायला शिकला होता. सुनेला ते गावंढळ वाटायचं. अक्का म्हणायच्या, "वाटू दे. तिला बी शिकवीन."

दोन वर्षांनी धर्माबादहून फोन आला. अक्कांची थोरली बहीण शांताबाई पडल्या, उठता येईना. त्यांना मूलबाळ नव्हतं. अक्का चार कपडे घेऊन निघाल्या, महिन्यात परत येते म्हणून. महिन्याचे सहा झाले, सहाचे पंधरा. शांताबाई उठल्या नाहीत, आणि अक्काही त्यांच्या उशाशेजारून उठल्या नाहीत. वर्षाच्या वर बाहेर राहिलं की नुसतं ग्रीन कार्ड दाखवून आत जाता येत नाही, हे त्यांनी शंभर जणांना सांगितलेलं. आधी परवानगी काढता येते, पण ती तिथून निघण्याआधी मागावी लागते, आणि त्या घाईत निघालेल्या.

राहुलनं वकिलाला विचारलं. परतायचं तर न येण्यामागं हाताबाहेरचं कारण दाखवावं लागणार होतं. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, तूच आजारी होतीस असं डॉक्टरकडून लिहून घे. तुझे गुडघे दुखतातच की." मी धर्माबादला तेव्हा समोर बसलेलो. अक्का शांताबाईंना चमच्यानं पेज भरवत होत्या, फोन मांडीवर, स्पीकर चालू.

"गुडघे दुखतात, हाव. पण मी गुडघ्यापायी राहिले न्हाई, राहुल. हिच्यापायी राहिले. मला कुणी बांधून घातलं नव्हतं."

"एक कागद आहे नुसता. सगळे करतात."

"सगळे करतात ते माझ्याकडंच येऊन करायचे. मी त्यास्नी काय सांगायचे, ठाऊक हाय ना तुला?"

"आणि लेकरानं विचारलं अक्का कधी येणार, तर काय सांगू?"

अक्कांचा हात थांबला. शांताबाई तोंड उघडून वाट बघत होत्या. अक्कांनी चमचा त्यांच्या तोंडात दिला, ओठ पुसले. "त्याला सांग, अक्काची थोरली बहीण आजारी हाय. खरं हाय ते, त्याला कळंल." फोन तिकडून बंद झाला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कार्ड परत करायचा फॉर्म भरला. मी म्हणालो, "अक्का, जरा थांबा. लोक हे कार्ड मिळावं म्हणून देवाला नवस बोलतात." त्या म्हणाल्या, "राहणारीण म्हणून खोटी ठरण्यापरीस पाहुणी म्हणून खरी जाईन." कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बहिणीजवळ राहिले.' मी त्याचं इंग्रजी केलं. इतकं अवघड भाषांतर मी आजवर केलेलं नाही, आणि त्यात एकही अवघड शब्द नव्हता. पाकीट चिकटवताना त्यांनी कार्डावरचा स्वतःचा फोटो एकदा अंगठ्यानं पुसला. नातवाचं त्या दिवशी नाव काढलं नाही.

राहुल सात-आठ महिने बोलला नाही. शांताबाई गेल्या. अक्का नांदेडला परतल्या, बैठकीची खोली झाडली आणि स्वतःसाठी पाहुण्याच्या व्हिसाचा अर्ज भरला. तो मिळाला. एकदा सहा आठवडे जाऊन आल्या, सांगितलेल्या तारखेच्या एक दिवस आधीच परत. विमानतळावर नातवानं पाय धरून ठेवले होते, एवढंच सांगितलं, तेही शेंगा सोलता सोलता. राहुल मात्र त्यानंतर दर रविवारी फोन करायला लागला. अक्का त्याला दर रविवारी एकच सांगायच्या, तिकडच्या पासपोर्टवर इकडं कधीही येता येईल असं आपल्या सरकारचं कार्ड असतं, ते करून घे. तो म्हणायचा, बघू.

त्याच सालच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. एवढ्या उन्हात राहुलसाठी थांबता येण्यासारखं नव्हतं. मुलगा नसताना आम्हीच सगळं केलं. आयुष्यभर अक्कांकडून कागद करून घेतलेली माणसं तेव्हा मोठ्या संख्येनं आपापल्या कामात होती. हदगावचे कापूसवाले मात्र आले आणि शेवटपर्यंत उन्हात उभे राहिले.

राहुलचा भारताचा जुना व्हिसा संपलेला आणि ते कार्ड त्यानं कधी केलंच नव्हतं. आईच्या दिवसांच्या कार्यक्रमाला, पुण्यानुमोदनाला तरी पोचावं म्हणून तो तातडीचा व्हिसा मागत होता. नांदेडच्या शाळेत शिकलेला माणूस, नांदेडला यायला अर्ज भरत होता. फॉर्म उघडून त्यानं मला फोन लावला. एकेक रकाना वाचत होता, मी सांगत होतो. एका ठिकाणी तो थांबला.

"दादा, भारतात ओळखीचं कोण, असं विचारलंय. नाव आणि पत्ता. मागच्या वेळी आईचं लिहिलं होतं."

"माझं लिही," मी म्हणालो.

मग त्यानं माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगत गेलो.