मावशी आणि मुठीतलं रिलीज

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, त्यामुळे नवख्या जागेची धास्ती मला ठाऊक; तिरंदाजीच्या मैदानावर कुणी नवं शिकायला आलं की मी आपणहून पुढे होते. त्या सकाळी तळवलीच्या एक मावशी आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी पदर खोचला आणि चाकांचं कंपाउंड धनुष्य लेकरू उचलावं तसं जपून उचललं.

त्याची दोरी ओढून सोडायला रिलीज नावाचं चापाचं छोटं साधन लागतं. एक मनगटाला पट्ट्याने बांधतात, दुसरं मुठीत धरतात. नवशिक्याला मनगटाचं सोपं, म्हणून मी तेच काढलं.

"मावशी, बांगड्या काढा. पट्टा आवळला की फुटतील."

त्यांनी हिरव्या काचांवर हात ठेवला. "आमचा मानूस गेला तवा सगली बोलली, बांगऱ्या फोर. नाय फोरल्या. आता तुज्या पट्ट्यासाठी काडू?"

मी मुठीतलं रिलीज पुढे केलं. "हे जरा अवघड आहे. वेळ लागेल."

"लागू दे. मना कुठं घाई हाय?"

पहिला बाण लांब गवतात गेला. मी आणायला निघाले, तर म्हणाल्या, "थांब पोरी. माजा बान हाय, मीच आनीन."

त्या ताठ चालत गेल्या. समोर माणूस असताना बाण सोडायचा नाही, हा मैदानाचा नियम; रांगेतल्या आम्ही सगळ्यांनी धनुष्यं खाली ठेवली आणि त्या परत येईपर्यंत थांबलो.