कुत्रं का बिबट्या

गेल्या साली वैरण कापताना माझ्या बायकोला बिबट्यानं मारलं. मग पोरानं मळ्यात खांबावर कॅमेरा बसवला. परवा सकाळी नारायणगावचा एक माणूस तो साफ करायला आला. नाव मी विचारलं नाही. त्यानं मोबाईलवर रात्रीचं चित्र लावलं तर मक्याकडं जाणारा एक राखाडी डाग दिसला. आणि सून त्याच मक्यात वैरणीला गेलेली. मी हाका मारल्या, तिला ऐकू गेल्या नाहीत. माझे गुडघे चालत नाहीत.

"कुत्रं हाय का बिबट्या? मोठं करून दाव की!"

त्यानं सदऱ्याच्या टोकानं पडदा पुसला, डाग मोठा केला. नुसते चौकोन झाले.

"बाबा, मोठं केलं की ठिपकं मोठं व्हत्यात, जनावर नाय. एका कॅमेऱ्यात अख्खा मळा धरलाय, लांबच्या जनावराच्या वाट्याला चारच ठिपकं येत्यात. त्यात अंधार. आन् लई दिवसांचं साठवायचं म्हणून मशीन चित्र अजून दाबतं."

"तुला काय वाटतं ते सांग."

"मी कुत्रं म्हणालो आन् ताईला काय झालं, तर?"

"मग कशाला विकता असली डबडी?"

 तो पिशवी उचलून गेला. मक्याच्या कडेला गाडी थांबवून त्यानं हॉर्न दाबला, तो सून भारा घेऊन बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

"काय ओ भाऊ, हॉर्न अडकला का?" तिनं विचारलं; हे मला तिनंच मागून सांगितलं.

"व्हय ताई, अडकलाय," म्हणाला आणि निघून गेला.

माझ्या बायकोच्या वेळी बांधावर कुणीच नव्हतं.