वरच्या मजल्यावरचं रोम

नाशिकहून आखातात परत आले तेव्हा अब्बासियातल्या आमच्या स्वयंपाकघरात एक पातेलं सापडलं. माझं नव्हतं. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी मी दीड महिना तिकडे होते आणि हे फोनवर रोज "जरा कणकण आहे" एवढंच सांगायचे. प्रत्यक्षात यांना कांजिण्या झाल्या होत्या, त्याही या वयात. चेहऱ्यावर, मानेवर डाग होते. पातेलं वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं निघालं. त्या केरळच्या, ख्रिश्चन. "पेज आणून द्यायच्या," हे म्हणाले आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं.

पातेल्याचं मला काही वाटलं नाही. पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अकरा वाजेपर्यंत लोळणारा हा माणूस सकाळी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि म्हणाला, "जरा वर जाऊन येतो." वर सुट्टीमुळे शुक्रवारीच त्यांची प्रार्थना असते. गाणं आमच्या छतातून ऐकू येतं.

मी काही अडाणी नाही. मी घरी इतिहासाच्या शिकवण्या घेते, आणि रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा पसरला हे मला झोपेतही सांगता येईल. साम्राज्याचे चांगले रस्ते, गुलामांना आणि बायकांना मिळालेली जागा, साथीच्या काळातली रुग्णसेवा आणि शेवटी खुद्द सम्राटाचा आश्रय. रुग्णसेवेचा मुद्दा मी नेहमी रंगवून सांगते. साथ आली की ऐपत असलेले शहर सोडून आपापल्या मळ्यांवर पळायचे, आणि ही ख्रिस्ती माणसं मागे राहून आजाऱ्याला पाणी पाजायची, खाऊ घालायची. मग जो त्यातून जगला, तो कुणाचा होणार? त्या आठवड्यात हे वाक्य बोलता बोलता माझी नजर ओट्यावरच्या पातेल्याकडे गेली.

"बट आंटी, दे डिडन्ट हॅव ॲन आर्मी," शिकवणीतली एक मुलगी म्हणाली.

"नव्हतीच. पातेलं होतं," मी म्हणाले. तिला काही कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही.

रोमन लोकांनाही संशय यायचाच. ही माणसं उजाडायच्या आत जमतात, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, कुणाचं तरी मांस खातात, रक्त पितात म्हणे. पूर्वी हे शिकवताना मी त्या रोमनांना हसायचे. आता त्यांची बाजू मला पटायला लागली. आपल्या घरातलं माणूस दर आठवड्याला उठून कुठे जातं, हे विचारण्यात चूक काय?

पुढच्या शुक्रवारी पातेलं घासून, पुसून, त्यात चार रव्याचे लाडू घालून मी वर गेले. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून लाडू, नाहीतर मी तेही दिले नसते. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. बेल वाजवल्यावर नर्सबाईंनी दार अर्धंच उघडलं, मला बघून मात्र सताड उघडलं. "अरे भाभी! अंदर आओ ना." आत पडदे ओढलेले, सतरंजीवर आणि खुर्च्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. हे मागे, भिंतीला टेकून, डोळे मिटून. गात नव्हते. ते मला जास्तच खटकलं. गॅसवर दूध आहे असं सांगून मी खाली पळाले.

हे आल्याबरोबर मी विषय काढला. "लपवण्यासारखं काही नाही, तर चपला आत कशाला घेतात?"

"आपण गणपतीत कुठे ठेवतो?"

आता गणपतीत आम्ही सगळेच चपला पिशवीत घालून आत आणतो, खिडक्या लावून घेतो आणि झांजा न वाजवता बोटांनी टाळ्या वाजवून आरती म्हणतो. परक्या मुलखात बोभाटा नको म्हणून पडलेली आमची जुनी रीत आहे ती.

"ते वेगळं," मी म्हणाले. "आपण कुणाला ओढत नाही."

हे नुसते हसले. मग मी परीक्षाच घ्यायचं ठरवलं. रोमन अधिकारी संशयिताला सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला लावायचे. टाकला तर सुटका, नाही टाकला तर गुन्हेगार. मी संध्याकाळी निखारा फुलवला, देव्हाऱ्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "माझे हात कणकेचे आहेत, तेवढा धूप टाका हो." यांनी मुकाट्याने टाकला, वर नमस्कारही केला. मला हायसं वाटलं, पण पोळ्या लाटून होईपर्यंतच. धूप टाकून सुटलेले आणि मग गुपचूप परत तिकडेच गेलेले लोकही इतिहासात आहेत.

गणपती जवळ आले. यंदा स्थापना आमच्याकडे होती आणि पूजेला दरवर्षीप्रमाणे हेच बसणार होते. आठवडाभर आधी आमच्या मराठी ग्रुपमधल्या एका भाऊजींचा फोन आला. आवाज अगदी गोड. "वहिनी, गैरसमज नको. पण काही काही कानावर येतंय. यंदा पूजेला दुसऱ्या कुणाला बसवू या का?"

"विचारून सांगते," म्हणून मी फोन ठेवला. आता ही गोष्ट घरातली राहिली नव्हती. हे समोर भाजी निवडत बसले होते. मी सरळच विचारलं, "तुम्ही धर्म बदलणार आहात का? एकदाच काय ते सांगून टाका."

"कुणाचा फोन होता?"

मी सांगितलं. हे गवारीच्या शिरा काढत राहिले. मग म्हणाले, "त्यालाच केला होता मी फोन, ताप चढला तेव्हा. शहाळं दाराच्या कडीला अडकवलं, बेल वाजवली आणि गेला. मी भिंत धरत धरत दारापर्यंत गेलो तर लिफ्ट खाली चाललेली. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. ती बाई आत आली. चादर बदलली, अंग पुसून दिलं."

"म्हणून तर म्हणते मी! असंच ओढतात. नंतर हळूच विचारतात."

"तिने काही विचारलं नाही. अजूनही नाही."

"मग शुक्रवारी काय करता तिथे?"

"बसतो. बरं वाटतं."

"मला फोनवर खरं का नाही सांगितलंत?"

"आईला तशी टाकून आली असतीस?"

मी खाली पडलेल्या शिरा गोळा करायला लागले.

"तू आल्यापासून त्यांचं सगळं विचारलंस," हे म्हणाले. "चपला कुठे ठेवतात, काय गातात, काय खायला घालतात. मी कसा होतो, ते अजून एकदाही विचारलं नाहीस."

इतकं सरळ बोलायला यांना कुणी शिकवलं, असा संशय तेवढ्यातही माझ्या मनात आलाच. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "खूप त्रास झाला का हो?"

"आता राहू दे," हे म्हणाले आणि निवडलेली गवार माझ्याकडे सरकवली.