साहेबांपुढं हरायचा बेत

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. गावी तीर्थपुरीत माझे वडील, दादा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पोरगं हैद्राबादेत शिकून आलं." काय शिकून आलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. इतिहासापेक्षा माझा बिलियर्ड पक्का होता. फटक्यानंतर आपला चेंडू कुठं थांबेल ते आधी ठरवायचं आणि तिथून पुढचा फटका बांधायचा, ही विद्या मी वसतिगृहाशेजारच्या क्लबात मिळवली. म्हणजे बोलण्यापुरती. चेंडू माझं ऐकायचा तो अधूनमधून.

जालन्याच्या तहसील कचेरीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, जागा रिकामी होती. अर्ज घेऊन गेलो. नेमणुका निजामाचे तालुकदारसाहेब करत. त्यांनी माझ्या पदवीवर नजर फिरवली आणि विचारलं, "बिलियर्ड खेलते हैं? शाम को क्लब में आइए. जगह की बात वहीं करेंगे."

दादा सोबत आल्ते. त्यांनी खेळ समजून घेतला नाही, निकाल मात्र लावून टाकला.

"हे बघ, हरून ये."

"मी ग्रॅज्युएट आहे, दादा."

"मंग ग्रॅज्युएटासारखं हर. साहेबाला कळू देऊ नको."

हे मला पटलं. जाणूनबुजून हरणं हेच तर डोक्याचं काम. टेबलावर तीन चेंडू: माझा पांढरा, साहेबांचा ठिपक्याचा, आणि तांबडा. तांबडा हळूच ढकलून कोपऱ्यातल्या जाळीच्या तोंडाशी ठेवायचा, साहेबांनी तो आत पाडायचा. माझा चेंडू दूर कडेला चिकटवायचा, म्हणजे मला पुढं फटकाच उरणार नाही.

तांबडा ढकलला, तो जाळीत पडला. गुण मिळाला की पुन्हा आपलीच पाळी. आता सरळ चुकायचं म्हणून भलतीकडं मारला, तर चेंडू कडेवर आपटून परतला आणि दोन्ही चेंडूंना शिवून गेला. त्याचेही गुण. गुण मोजणारा मार्कर आकडे असे पुकारत होता की बाहेरच्या टांगेवाल्यांनाही कळावं. एकदाचा तांबडा जाळीच्या तोंडाशी थांबला, तर साहेबांचा नेमच चुकला. जिंकायचा बेत केला असता तर खात्रीनं हरलो असतो.

साहेबांनी काठी ठेवली. "आप तो उस्ताद निकले."

"साहेब, इत्तेफाक."

"हर बार?"

जागेचं बोलणं झालंच नाही. दादा क्लबाच्या फाटकाशी उभे होते.

"हरला ना?"

"न्हाई."

"एवढं बी जमलं न्हाई?"

काही दिवसांनी हुकूम आला. अहलकाराची जागा मिळाली, पण भोकरदनला. तिथं कचेरी होती, क्लब नव्हता. जालन्याच्या जागेवर एक मॅट्रिक पास गृहस्थ लागले. ते म्हणे रोज संध्याकाळी साहेबांबरोबर खेळत आणि बराबर हरत.