बिनवासाचे उंदीर

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पांढरे उंदीर पाळून घरात वास येऊ न देणारी मी एकटीच होते, हे आजही छाती फुगवून सांगते. हसायचं त्यानं हसावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी सहावीत. शिरूरच्या मामानं पुण्याच्या बाजारातून दोन माद्या आणल्या होत्या. आईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "वास आला की नाल्यापलीकडं सोडून येईन. आपण बौद्ध. शेजारणी नाक मुरडायला टपल्याच हायत, त्यांच्या हाती आयतं कोलीत द्यायचं न्हाई."

तिचं खरंच होतं. समोरच्या क्लार्कच्या बायकोनं तोवर आमच्याकडं घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

मग लागले कामाला. आधी लाकडी खोकं होतं, ते मुतानं भिजून वास मारायला लागलं. वडिलांनी तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून वर जाळी बसवून दिली. खाली वखारीतला भुसा, उन्हात खडखडीत वाळवलेला. एकदा शहाणपणा करून डबा फिनेलनं धुतला अन् भुसा सगळाच बदलला. दुसऱ्या दिवशी वास दुप्पट. बयांना आपलं घर ओळखू येईना, म्हणून जिथंतिथं मुतत सुटल्या. तेव्हापासून धुतल्यावर मूठभर जुना कोरडा भुसा परत टाकायचे. एरवी त्यांचा मुतायचा कोपरा ठरलेला असायचा. तिथं एक जुनं पत्र्याचं झाकण ठेवून त्यात शेगडीची राख घालायची अन् शाळेला जायच्या आधी ती रोज बदलायची. काकडीचा उरलेला तुकडा आत सडू द्यायचा नाही. आई येता-जाता वाकून हुंगायची आणि काही न बोलता उठायची. तिचं ते न बोलणं मला पहिल्या नंबरासारखं वाटायचं.

एका दुपारी समोरच्या बाई घराबाहेर अडकल्या. किल्ली नवऱ्याच्या खिशात आणि नवरा ड्यूटीवर. ऊन मी म्हणत होतं. आईनं त्यांना आत बोलावून कॉटवर बसवलं. डबा कॉटखालीच होता. बाई तासभर बसल्या. चहा नको म्हणाल्या. मग इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "नवलच बाई, तुमच्या घरात कसलाच वास नाही."

ते 'नवल' आईला झोंबलं. मला वाटलं, नेहमीसारखं गिळेल. पण ती वाकली आणि तिनं डबा पुढं ओढला.

"मघापासून ह्या दोन उंदरांवर बसलाय तुम्ही."

बाईंनी पाय वर घेतले. मग वाकून डब्याजवळ नाक नेलं, पुन्हा एकदा नेलं.

"हे कसं जमवता हो?"

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली, "पोरीला विचारा. स्वच्छता कशी ठेवायची ते ती शिकवंल तुम्हाला."